इथला भाव, तिथला भाव

माझं घरभाडं ठरलं ते ज्वारीत. दर महिन्याला दिले मी रुपयेच, पण ठरलं ज्वारीत.

आष्टीच्या बँकेत माझी नेमणूक झाली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. डोंबिवली सोडून चार दिवससुद्धा कुठे राहिले नव्हते. बीड जिल्हा म्हटल्यावर आईने डोळ्याला पदर लावला आणि वडील दोन दिवस नकाशा घेऊन बसले. बँकेच्या शिपायाने मला एका माळवदाच्या घरापुढे नेऊन उभं केलं. ओट्यावर उंच, हडकुळे असे एक गृहस्थ बसले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, अंगात बंडी. शिपाई म्हणाला, "आप्पा, ह्या नव्या म्याडम. मुंबईकडच्या हायत. खोली बघायला आल्यात."

आप्पा खोली दाखवायला उठलेच नाहीत. तिथूनच म्हणाले, "म्याडम, तुमच्याकडं अशा खोलीला काय भाडं पडतं?"

"डोंबिवलीत? आठशे तरी. वर डिपॉझिट वेगळं."

"आन ज्वारी काय भाव?"

आता ज्वारीचा भाव मला कुठून माहीत असणार! आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ पोळ्या. मी आपलं ठोकून दिलं, "सात रुपये असेल."

आप्पांनी डोळे मिटले. ओठ हलले. "म्हंजे एकशेचौदा किलो ज्वारी. म्हैन्याला! निस्ती पाठ टेकायला!" मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नुकतीच एखाद्या अपघातातून वाचून आले आहे. "इथं तीस किलोचे पैसे द्या. चारनं एकशे वीस. पाणी आमच्या मंडळीच्या हातचं, भाकरबी तिच्याच हातची, त्याचं काय घेणार न्हाई. इथं पाणी इकत न्हाईत."

आष्टीसारख्या गावात, जिथे उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी बायका कोसभर जायच्या, तिथे "पाणी इकत न्हाईत" हे वाक्य त्यांनी इतक्या तोऱ्यात उच्चारलं की मी मुकाट्याने पहिल्या महिन्याचे पैसे काढून दिले.

आप्पा मोंढ्यातले मापाडी. म्हणजे धान्य बाजारात आलं की शेतकरी आणि अडत्या यांच्या मध्ये बसून ते मोजून देणारा माणूस. चाळीस वर्षं त्यांनी हे काम केलं. आधी पायलीने, नंतर काट्याने. खांदा निकामी झाला म्हणून घरी बसले होते, पण हात काही घरी बसला नव्हता. समोर जे येईल ते उचलून बघायचे आणि वजन सांगायचे. माझी ट्रंक उचलली, "अठरा." माझ्या आईने पाठवलेला लाडवांचा डबा उचलला, "डबा चारशे, लाडू दीड किलो, आन म्याडम, वाटंत दोन खाल्लेत तुमी." खाल्ले होते.

मोजताना ते "एक" कधी म्हणायचे नाहीत. मापाड्यांची रीतच तशी. पहिल्या मापाला "लाभ" म्हणायचं, मग दोन, तीन, चार. आप्पांची जीभ इतकी वळली होती की मोंढा सुटला तरी लाभ सुटला नाही. चहात साखर लाभ चमचा. एसटी गाठायची ती लाभ वाजताची. जनगणनेवाले आले आणि मुलं किती विचारलं, तर म्हणाले, "लाभ." त्या बिचाऱ्याने ते मुलाचं नाव समजून लिहिलं असतं, मीच मध्ये पडले.

ते दिवस असे होते की दुकानात दर आठवड्याला काहीतरी नवं लटकलेलं दिसायचं. रुपयाच्या शांपूच्या पुड्या, चकचकीत कागदातली बिस्किटं, टीव्हीवर दिसलेलं सगळं महिन्याभरात आष्टीच्या पानटपरीवर. आप्पा ते सगळं घेऊन यायचे. वापरायला नव्हे, मोजायला. बिस्किटांचा पुडा फोडून बिस्किटं एका पारड्यात आणि कागद दुसऱ्या पारड्यात टाकायचे. शांपूची पुडी चमच्यात पिळली, किती चमच्यांचा एक शेर होतो ते काढलं आणि जाहीर केलं की ही वस्तू साजूक तुपाहून महाग आहे. "तूप खाल्लं तर अंगी लागतं. हे तर डोक्यावरून मोरीत! मुंबईत काय, समदे रोज तूप मोरीत सोडत्यात?"

"सोडतात आप्पा," मी माझे ताजे धुतलेले केस पुसत म्हणायची.

एकदा विचारलं, मुंबईत हजामतीला काय पडतं. मी म्हटलं पंधरा रुपये. त्यांचा न्हावी अजून सुगीला येऊन दोन पायल्या ज्वारी घेऊन जायचा आणि वर्षभर ओट्यावर येऊन डोकं-दाढी करून जायचा. आप्पांनी नेहमीसारखे डोळे मिटले, पण हिशेब काही जुळेना. शेवटी म्हणाले, "आमच्या दोन पायल्यांत गावातल्या बातम्याबी येत्यात. तुमच्या पंधरात बातम्या येत्यात का?"

"नाही. रेडिओ लावतात."

"मग लई महाग झालं की वो."

मला वाटायचं, रिकाम्या म्हाताऱ्याचा हा चाळा आहे. बँकेतून दमून यावं, हातपाय धुवावेत, की ओसरीवर आप्पा तयार. वांगी काय भाव? दूध काय भाव? चप्पल शिवून घ्यायला काय पडतं? पहिले दोन महिने मी खरं खरं उत्तर देत गेले, तेही जरा तुटकपणे. ह्या चौकशीत कोणाचा जीव गुंतलाय हे मला कळलंच नव्हतं.

जीव गुंतला होता मावशींचा. आप्पांची बायको. आतल्या चुलीपुढे बसून भाकरी थापायच्या, फारसं बोलायच्या नाहीत. त्यांचा तो एकुलता मुलगा कल्याणला एका कारखान्यात होता. चांगली नोकरी, लग्न झालेलं, तीन वर्षांची मुलगी. ती नात मावशींनी अजून पाहिली नव्हती. मुलगा चार वर्षांत गावी आला नव्हता आणि आईबापांना बोलवतही नव्हता. दर दोन-तीन महिन्यांनी निळं आंतर्देशीय यायचं. त्यात मजकूर एकच. इकडे महागाई फार आहे, खोली लहान आहे, सध्या परवडत नाही, मोठी जागा घेतली की दोघांना घेऊन येतो. आप्पा ते मोठ्याने वाचायचे. मावशी पत्र हातात घेऊन उलटसुलट करून बघायच्या आणि देवळीत ठेवायच्या. नातीचा एक फोटो होता, त्याला त्यांनी पिठाच्या हाताने इतक्यांदा धरलं होतं की पोरीचा चेहरा पांढुरका झाला होता.

दिवाळीला मी घरी निघाले तेव्हा मावशींनी शेंगदाण्याची चटणी, कुरडया आणि नातीसाठी एक परकर माझ्याजवळ दिला. डोंबिवलीहून कल्याण किती लांब! मी गेले. दुसऱ्या मजल्यावर ऐसपैस दोन खोल्या, स्वयंपाकघर वेगळं. रंगीत टीव्ही, फ्रिज, नवा सोफा. मुलगा दिसायला आप्पांसारखाच उंच. त्याने नीट बसवलं, चहा दिला, आईची चौकशी केली. निघताना जिन्यापर्यंत आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आईला सांगा, इथे जरा ओढाताण आहे. खरं म्हणजे... हिला चालत नाही हो. आणि ते दोघं आले की परत जायचे नाहीत. आपलं सगळं आता वेगळं झालंय. तुम्ही समजू शकता."

मी अजिबात समजू शकत नव्हते. माझा नुसता संताप झाला. जिना उतरताना मी त्याला मनातल्या मनात जे जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आज माझ्या सासूबाई महिनाभर यायच्या म्हटलं की मीही घरातल्या खोल्या मोजायला लागते, म्हणून आता त्याला शिव्या घालायची माझी हिंमत होत नाही. पण तेव्हा मी चोवीस वर्षांची होते.

परत आल्यावर मावशींना म्हटलं, छान आहेत सगळे, परकर बरोब्बर बसला, खोली मात्र जरा लहान आहे. त्या ऐकत राहिल्या. तेवढ्यात आप्पांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "मेथी काय भाव व्हती हो कल्याणात?" मी बेसावधपणे म्हणून गेले, "दोन रुपयाला जुडी."

चुलीपुढून आवाज आला. "दोनच? मग हितल्यावानीच की. मग पोरगं परवडत न्हाई कावून म्हणतंय?"

आप्पा उठले आणि उगाच अंगण झाडायला लागले. पुरुषमाणूस झाडू घेऊन अंगणात, म्हणून शेजारीण बघायला आली.

दुसऱ्या दिवशी आप्पा बँकेत आले. पैसे काढायची चिठ्ठी हातात घेऊन रांगेत उभे राहिले, नंबर आल्यावर कोरी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "म्याडम, तुमचं तोंड मी मापलंय. काय बघितलं ते खरं सांगा."

मागे सहा माणसं उभी. मी सांगितलं. फ्रिज, टीव्ही, सोफा, जिन्यातलं बोलणं, सगळं. आप्पांनी जाळीच्या कडेला दोन्ही हात धरून ठेवले होते. सांगून झाल्यावर म्हणाले, "मला वाटलंच व्हतं. ड्रायव्हर लोकांला इचारून इचारून तिथला समदा भाव मला मालूम हाय. पगारबी मालूम हाय. हिशेब जुळत नव्हता." मग थोडं थांबून, "तिला न्हाई सांगायचं. पोरानं नको म्हटलं हे तिला सोसायचं न्हाई, मरंल ती. परवडत न्हाई म्हटलं तर निस्ती वाट बघंल. तुमी एक करा म्याडम. तुमच्या तोंडावर तिचा भरवसा हाय. जरा भाव चढवून सांगत चला."

"आप्पा, मी खोटं बोलू?"

"माझ्यासाठी न्हाई. तिच्यासाठी."

चाळीस वर्षांत ज्या माणसाने मोंढ्यात मूठभर माप इकडचं तिकडे केलं नव्हतं, अडत्यांनी पैसे दाखवले, दमदाटी केली तरी केलं नव्हतं, तो माणूस माझ्याकडे खोट्या मापाची भीक मागत होता. मी नाही कशी म्हणणार?

त्या संध्याकाळपासून आमचं नाटक सुरू झालं. आप्पा ओसरीवर बसून, आत नीट ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "म्याडम, टमाटे?"

"तीस रुपये किलो."

"अरारारा! ऐकलं का गं?"

"दूध?"

"पंचवीस. आणि त्यात निम्मं पाणी."

"पाणी तरी फुकट हाय का?"

"कुठलं! टँकरचे वेगळे, नळाचे वेगळे."

खरं सांगते, मला मजा यायला लागली. मी कोथिंबिरीच्या चार काड्यांना दोन रुपये लावले. जिना चढायचे पैसे सोडून बाकी सगळ्याचे लावले. एकदा भरात येऊन सांगितलं की तिथे मुलांना बागेत खेळायलाही तिकीट काढावं लागतं. आप्पांनी मला डोळ्याने दटावलं, की आवर आता. त्यांना मापात खोट चालत होती, पण तीसुद्धा मापात असायला हवी होती.

आमच्या दोघांच्या डोक्यात एक गोष्ट आलीच नाही. आम्ही भाव चढवत होतो मावशींनी मुलाला दोष देऊ नये म्हणून. पण भाव ऐकून मावशी दोष देणाऱ्यातल्या नव्हत्याच, त्या काळजी करणाऱ्यातल्या होत्या. टोमॅटो तीसवर गेले तशी त्यांची झोप उडाली. दूध पंचवीसला गेलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या चहातलं दूध बंद केलं. आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग दिसायला लागलं की माझ्या आणि आप्पांच्या भाकरीवर तूप आहे, त्यांच्या भाकरीवर नाही. विचारलं तर म्हणायच्या, "मला पचत न्हाई ओ." ते न पचणारं तूप त्या एका बरणीत साठवत होत्या आणि जास्तीचं गल्लीत विकत होत्या. जानेवारीत एक दिवस त्या बँकेत आल्या. पहिल्यांदाच. हातातल्या चांदीच्या पाटल्या रुमालात बांधलेल्या. जाळीतून पुढे सरकवत म्हणाल्या, "म्याडम, ह्या मोडून लेकराला पैसं धाडा. पोर दुधावाचून ऱ्हात असंल वो."

मी ती पुरचुंडी परत त्यांच्या हातात कोंबली आणि काहीतरी थातुरमातुर सांगून त्यांना घरी पाठवलं. मग आत जाऊन रडले. मॅनेजर म्हणाले, काय झालं, कॅश कमी भरली का?

संध्याकाळी आप्पांना सांगितलं. भाव उतरवावेत तर ती म्हणणार, मग परवडत का नाही. चढवावेत तर ती अंगावरचं विकणार. हिशेबात आयुष्य गेलेला माणूस, पण हा हिशेब त्यांना सुटेना. आठ दिवस त्यांनी मला काही विचारलंच नाही. मी आले की ओसरीवरून उठून मारुतीच्या पाराकडे जायचे.

आणि मग तो हिशेब मावशींनीच सोडवला. होळीनंतरची गोष्ट. आम्ही जेवत होतो. भाकरी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "मी काय म्हणते, तिथं येवढी महागाई, आन इथं समदं स्वस्त. मग पोरानं तिथं ऱ्हायचंच कशाला? त्याला घेऊन येऊ. मोंढ्यात काम मिळंल, घर हाय, शेर-दोन शेर दूध शेजारून येईल. तुमीच म्हणता ना, तिथल्या एका खोलीच्या भाड्यात इथं चार खोल्या येत्यात?"

आप्पांना ठसका लागला. पाणी प्यायले, सावरले, आणि म्हणाले, "तिकीट किती पडंल मालूम हाय का? दोघांचं जाऊन येऊन..."

"पडंल तेवढं पडू द्या. तूप इकल्याचं माझ्याजवळ हाय." मग माझ्याकडे वळून अगदी ओशाळून म्हणाल्या, "म्याडम, पोरगं-सून आले की तुमाला दुसरी खोली बघावी लागंल बरं का. राग नका मानू."

मी आणि आप्पांनी एकमेकांकडे बघितलं. आमच्या खोट्यात कुठेच फट नव्हती. इतकं पक्कं खोटं आम्ही रचून ठेवलं होतं की त्यातून बाहेर पडायला आम्हालाच वाट राहिली नव्हती.

मे महिन्यात मी चार दिवसांची रजा काढली आणि आम्ही तिघं निघालो. आष्टीहून नगर, नगरहून माळशेजच्या घाटाने कल्याण. बरोबर ज्वारीचं अर्धं पोतं, तुपाची बरणी, शेवया. वाटेत आप्पांनी एकदाच तोंड उघडलं. मावशी खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. म्हणाले, "पोरी, आज तिच्यापुढं कोणी खरं बोलू नये, येवढीच माझी मागणी हाय." मला त्यांनी पहिल्यांदा पोरी म्हटलं होतं.

दार सुनेने उघडलं. चेहरा उतरला, पण वाकून नमस्कार केला. आप्पा आत आले आणि त्यांची नजर खोलीभर फिरली. फ्रिज, टीव्ही, सोफा. मावशींचीही फिरली. मावशींनी काही विचारायच्या आत आप्पा घाईघाईने म्हणाले, "हे समदं हप्त्यावर असंल, न्हाई का सूनबाई? आजकाल हप्त्यावर देत्यात म्हणे. फेडता फेडता जीव जातो माणसाचा." सुनेने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि मान हलवली.

नात फ्रिजच्या आड उभी राहून बघत होती. मावशींनी लांबूनच हात पुढे केला, पोर आली नाही. मग आप्पा गेले, तिला काखेत धरून उचललं, डोळे मिटले आणि म्हणाले, "बारा किलो तीनशे." पोर खुदकन हसली. मग ती मावशींकडेही गेली. मावशींनी तिच्या गालावरून हात फिरवला, बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली, पुन्हा हात फिरवला, पुन्हा मोडली. बराच वेळ त्यांना दुसरं काही सुचलंच नाही.

साडेपाचला मुलगा आला. दारातच थबकला. चहा झाला. मी निघते म्हटलं तर मावशींनी माझा हात धरून ठेवला. मग त्यांनी मुलाला सगळं सांगितलं, आष्टीला चल, तिथं स्वस्ताई आहे, इथं लेकराची आबाळ होते. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आई, नोकरी सोडून कसं येणार? पोरीची शाळा सुरू होईल आता."

"खरं हाय तुझं," मावशी म्हणाल्या. मग अगदी साध्या आवाजात, बाजारात विचारावं तसं विचारलं, "मग आमी दोघं इथं ऱ्हायलो तर म्हैन्याला किती पडंल रे? मला हिशेब कळत न्हाई, तू सांग. मी सकाळी लाभ भाकर खाते, संध्याकाळी अर्धी. च्या सोडीन. लुगडी हायत दोन, ती दोन वर्सं जात्यात. किती पडंल?"

सून उठून आत गेली. आत नळ सोडल्याचा आवाज आला. मुलाच्या कपाळावर घाम आला होता. त्याने एकदा बापाकडे बघितलं, मग आईकडे. "आई," तो म्हणाला, "पैशाचं नाही गं. पैशाचं..."

"तीन हजार!"

आप्पा ओरडलेच. खुर्चीतून अर्धे उठले होते. "तीन हजार पडतील म्हैन्याला. मी काढलाय हिशेब, म्याडमला इचार. जागा आली, पाणी आलं, दवापाणी आलं. आपलं वय झालं, डाक्टरच किती घेईल! त्याला कुठून झेपंल? तो बिचारा सांगंल कसा तुला?"

मुलाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मावशी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्या तोंडातून त्यांनी एकही चुकीचा आकडा ऐकला नव्हता, त्या तोंडाकडे. त्यांना कळलं का? मला वाटतं कळलं. तेव्हाही वाटलं होतं. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "तीन हजार. लईच महाग हाव की वो आपण."

आणि नातीला मांडीवर ओढून तिच्या वेणीची रिबन नीट करायला लागल्या.

मी त्या रात्री घरी जाऊन आईला सांगितलं की रजा नको, मी उद्या सकाळीच परत जाते. ते दोघं सकाळच्याच गाडीने परत निघणार होते, आणि त्यांना एकटं घाटातून पाठवायचं माझ्याने होईना. सकाळी मुलगा स्टँडवर सोडायला आला होता. नातीला घेऊन आला होता. गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभा राहिला, दिवाळीला नक्की येतो म्हणाला. मावशी म्हणाल्या, "ये बाबा. जपून ये." पुढे तो आलाही, दोन दिवस. पण ते पुढे.

नगरला गाडी बदलायची होती. दुपारचे दोन वाजले होते, ऊन रणरणत होतं. मावशींनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. आम्ही त्यांना स्टँडच्या सावलीत बाकावर बसवलं. मी पाणी आणायला वळले तर आप्पा समोरच्या फळांच्या गाड्याकडे चालत गेलेले दिसले. आमच्याकडे तेव्हा सफरचंद आजारी माणसालाच आणायचे, तेही पाहुणे आणायचे. आप्पांनी दोन मोठी निवडली. हातावर तोलली नाहीत. गाडेवाला काहीतरी म्हणाला, आप्पांनी नोट पुढे केली, त्याने परत दिलेले पैसे तसेच बंडीच्या खिशात टाकले. मोजले नाहीत.

येऊन ते मावशींच्या शेजारी बसले. एक सफरचंद धोतराच्या सोग्याला पुसलं, त्यांच्या हातात दिलं.

मावशींनी ते फिरवून बघितलं. "कितीला पडलं वो?"

"इचारलं न्हाई," आप्पा म्हणाले.

मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग सफरचंदाला दात लावला, एक तुकडा तोडला, आणि उरलेलं त्यांच्यापुढे धरलं. ते नको म्हणत होते, पण मावशींनी ऐकलं नाही. आष्टीची गाडी लागेपर्यंत दोघं तिथे बसून खात होते.